तिसऱ्या दिवसाची काच

पायलिनमध्ये आता नीलम उरले नाहीत.
सारून तरी ओढ्याची माती चाळतो,
रात्री रानातच झोळी बांधून झोपतो.

मलेरियाच्या गोळ्या त्याने माझ्यासमोर गिळल्या, मोजून.
पहिल्या दिवशी काचेवर अंगठ्याच अंगठ्या,
जांभळ्या, प्रत्येकीत एक खडा.
दुसऱ्या दिवशी निम्म्या.
तिसऱ्या दिवशी एकही नको होती.

पुन्हा मोजते. सात.

त्या जंतूच्या बाडात कुठेतरी
एक अक्षर बदललंय म्हणे,
नकलताना झालेली चूक,
माझ्या ओळखपत्रावर कारकुनाने केली तशी.
आता तेच माझं नाव.

"सापडलं काही?" सारून विचारतो.
नखांत लाल माती.
"हो," म्हणते,
आणि उगाच काच उजेडाकडे धरते
तो खडा धरतो तशी,
खरा की खोटा बघायला.