चार बोटं

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी
शेडमध्ये पेट्रोलचा वास आला.
मास्तरणीचं नाक माझं: फळ्याकडे तोंड करून
मागच्या बाकावरची विडी ओळखलेली.
वाकले. गियरबॉक्सखाली, चिऱ्याच्या जमिनीवर
विड्याच्या पानाएवढा काळपट डाग.
ट्रॅक्टर वर उभा,
काहीच न केलेल्या मुलासारखा.

छोटाच आहे. पोफळींच्या दोन ओळींमधून
अंग चोरून जाणारा.
बेंजामिनने लिस्बनला जायच्या आठवड्यात विकला,
आणि सावयवेऱ्याच्या आमच्या कुळागरात
तेव्हापासून गवताला धाक आहे.

माशेलहून कायतान आला.
पाइप बदलला, क्लिपा बदलल्या, कॉकचा वायसर बदलला.
कार्बोरेटर उघडून फ्लोट कानाशी धरून हलवला,
आत पेट्रोल शिरलंय का ऐकायला.
"बाय, हाका कांयच जावंक ना."
अकराशे रुपये.

सकाळी डाग होताच.

मग मी वही घातली.
चौतीस वर्षं हजेरी मांडलेल्या हाताला
दुसरं काय सुचणार?
टाकीत बांबूची कामटी बुडवायची,
ओल बोटांनी मोजायची.
सोमवार, नऊ बोटं. मंगळवार, सहा.
बुधवार चार.
गुरुवार चार.
शुक्रवार, शनिवार, चार, चार.
पुन्हा भरली. पुन्हा चारवर येऊन थांबली.

चोर असता तर चारवर थांबला नसता.
(शेजारच्या प्रज्योतने नवी मोटरसायकल घेतलीय.
हे वहीत नाही.)

म्हणजे भोक चौथ्या बोटापाशी, टाकीलाच.
पण टाकी सीटखाली, आणि डाग हातभर पुढे.
नातीच्या पावडरचा डबा आणला,
ट्रॅक्टरच्या पोटावर सगळा रिकामा केला.
त्या संध्याकाळी तुळशीपुढचा दिवासुद्धा
शेडपासून लांब, मागच्या पडवीत लावला.

रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन गेले.
मोगरा आणि पेट्रोल. डोकं गरगरलं.
पांढऱ्यात एक ओली रेघ:
टाकीच्या पट्ट्याखालून निघालेली,
चासीच्या कडेकडेने, एका नटाला वळसा घालून
गियरबॉक्सच्या ओठावर लोंबत थांबलेली.
इतक्या दूर येऊन मग पडायचं
म्हणजे कोणी घरापर्यंत माग काढू नये!

उजाडल्यावर पट्टा सोडला.
सांध्यावर केसाएवढी चीर.
चिरेच्या दोन्ही टोकांना
लाल साबणाचा वाळका पापुद्रा,
त्यात अर्धा अंगठा उमटलेला.
माझा नव्हे. रुंद.

खंडेनवमीला मीच धुतला होता,
होज लावून, ब्रश घालून, पट्ट्याच्या आतपर्यंत.
वर झेंडूचा हार.

फोन लावला. तिकडे अजून सकाळ व्हायची होती.
"साबू पेट्रोलान विरघळना, बाय,
उदकान विरघळटा."
किती वर्षं होता तो?
"सात."
आणि हे विकताना सांगायचं नव्हतं?
पलीकडे कोणीतरी झोपेत खोकलं.
"सांगिल्लें न्हय? फकत चड धुवूं नाकात म्हूण."

म्हणाला होता खरा. चावी देताना, हसत.
मी गंमत समजले होते.

कायतान म्हणतो, टाकी फोंड्याला नेऊन वेल्ड करू,
आधी काठोकाठ पाण्याने भरायची,
नाहीतर उडते.
नेऊ. सुपारी उतरून झाली की.
तोवर न्हाणीघरातली वडी आणली,
ओली न करता चिरेवर घासली, अंगठ्याने दाबली.
पट्टा मला आवळेना,
म्हणून कुंपणावरून प्रज्योतला हाक मारली.

रविवार, नऊ. सोमवार, नऊ.

त्याला तीनदा चहा विचारला.
तिसऱ्यांदा तो म्हणाला, बाई, काय झालंय?
काही नाही रे, म्हटलं.
साखर बरी आहे ना.