मागील रीडिंग, चालू रीडिंग

सतरा वर्षं माझी नोकरीच वाचायची.
पाचपावली, नाईक तलाव, तांडापेठ,
रोजची दीडशे घरं, दीडशे आकडे.
रात्री मात्र कूलरसमोर गादी टाकून
आकडे नसलेलं काहीतरी वाचतो.
खसची काडी उडून पानात पडते,
तीच माझी खूण.

यंदाच्या उन्हाळ्यात अकरा कादंबऱ्या झाल्या.

डिटेक्टिव्हवाली आधी सांगतो.
धरमपेठेतला बंगला, तीन महिने कुलूप, आत प्रेत.
इन्स्पेक्टर ठसे घेतो, माळ्याला दरडावतो,
दोनशे ऐंशी पानं सिगारेटी ओढतो
आणि बाप्पा, एकदाही मीटरकडे पाहत नाही!
बंद घरात नुसता फ्रिज किती युनिट खातो
हे मला झोपेतून उठवून विचारा.
खुनी मला चाळिसाव्या पानावर सापडला होता.

ऐतिहासिक. मुखपृष्ठावर तलवार, आत आणखी तलवारी.
घोडे असे की दमत नाहीत, चारा मागत नाहीत,
लीद टाकत नाहीत.
सरदार बोलतात ते सगळं दगडावर कोरण्याजोगं.
एक मशालजी तेवढा म्हणतो, "हात भाजला जी,"
दीड ओळीत येतो, दीड ओळीत जातो.
त्याच्यासाठी पुस्तक ठेवून घेतलंय.

मग सन दोन हजार नव्वद, नागपूर, पारा सत्तावन्न,
माणसं जमिनीखाली राहतात.
कल्पना बरी आहे.
पण पंप जळाला तर खांद्यावर शिडी घेऊन
कोण येतं, ते लेखकाला ठाऊक नाही.
त्याच्या भविष्यात वायरमनच नाही.
एवढं वाचलं आणि लाइट गेली.
अंधारात एकटाच हसलो.

बक्षीस मिळालेली ती एक
जिच्यात पूर्णविराम नाही स्वल्पविराम नाही
माणूस जिना चढतो चढतो आठवतो चढतो
आणि मीही त्याच्यामागे घाम पुसत
कारण जिने मला नवे नाहीत
पण वरच्या मजल्यावर पोचल्यावर निदान
कोणीतरी दार उघडावं की नाही

प्रेमाची मी तुच्छतेनं उघडली, खरं सांगतो.
पहिल्या साठ पानांत फुटाळ्यावर
नऊ वेळा गार वारा सुटतो. मे महिन्यात!
पण पान दोनशे अकरा:
तो तिच्या आईचं औषध आणायला विसरतो
आणि अर्ध्या रस्त्यातून सायकल वळवतो.
एवढंच.
मला उठून कूलरमध्ये पाणी भरावं लागलं.
पाणी होतं तसं.

हे सगळं मी हेडाऊबाईंना लिहायचो,
जुन्या बिलाच्या कोऱ्या बाजूला.
तांडापेठेत त्यांचं मीटर जिन्याखाली,
पेटीवर पुस्तक ठेवलेलं असायचं.
ते उचलायचं, आपलं ठेवायचं, रीडिंग घ्यायचं.
नऊ वर्षांत चहा दोनदा झाला. मतं शेकड्यांनी.
हातमाग सोसायटीत हिशेब लिहिलेला हात,
पेन्सिलीला बारीक टोक:
"तुमचा इन्स्पेक्टर मले तं भोळा वाटला."
"हा लेखक बायकोले इतकं काऊन रडवून राह्यला?"

मार्चमध्ये नवी मीटरं बसली.
ती आपलं रीडिंग आपणच पाठवतात.
मला ऑफिसात बसवलं, तक्रारींच्या खिडकीवर.

त्यांचं शेवटचं पुस्तक माझ्याकडेच राहिलं.
सावनेरकडची कोळशाची खाण,
बाप आणि मुलगी, अबोला अकरा वर्षांचा.
चांगली आहे. फारच चांगली,
म्हणून दिवसाला सहा पानं असं रेशन लावलं.
शेवटच्या पानावर मुलगी दारात उभी राहते.
आणि समासात बाईंचा हात:
"इथं नव्हतं याले पायजे तिनं. बिघडवलं."

मला हे पटलेलं नाही.
यायलाच पाहिजे होतं तिनं.
कारणं पाच आहेत, तीन तर पानाच्या आकड्यासकट,
बिलाच्या मागे मावत नाहीत
आणि तांडापेठेत आता माझं काही काम नाही.

रविवारी ऊन जरा उतरलं की निघतो.