चादर

पडदा गाडीत टाकायचा राहिला,
हे खैरटोल्यात पोचल्यावर कळलं.
शेवंताबाई सिडामनं घरातली चादर दिली,
चुलीच्या ठिणग्यांनी तीन भोकं पडलेली.
समाजमंदिराच्या खांबांना बांधली.

पोट्ट्यांनी आधी उजेडात हात घालून
हरणं पळवली, मग सुरू झालं:
दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावचा हातपंप,
आणि एक मुलगी, हसताना ओठ मिटणारी.
भोकांतून पार गेलेला उजेड
मागच्या मोहाच्या खोडावर
तीन ठिपके होऊन थरथरत होता.

कोणी काही बोललं नाही.
फक्त पुढे बसलेल्या पोट्ट्यांचे हात
एकेक करून तोंडावर गेले.

संपल्यावर चर्चा, वीस मिनिटं,
असं आमच्या कागदावर असतं.
मी विचारलं, काही प्रश्न?
बराच वेळ रातकिडेच.
मग दसरू कुमरे काठी टेकत उठले:
"इचं लगन झालं का मंग?"

मला माहीत नव्हतं.
फिल्मवाल्यांनीही विचारलं नसावं.

गाठी सोडताना म्हटलं,
बाई, चादर धुऊन पाठवतो.
"कायले? धुवाले पानी तं त्याच बोरिंगचं."

तिनं ती झटकली
आणि ओट्यावर झोपलेल्या नातवाच्या अंगावर टाकली.
झोपेत त्याचं तोंड
उघडं होतं.