पाच जुलै, लरेडो

काल रात्रभर आतषबाजीने आकाश फुटत होतं,
आणि आज सकाळी सातलाच
शेल्टरच्या दाराशी ट्रक उभा:
कुंपणं ओलांडून पळालेली शहरभरची भीती
एकावर एक पिंजऱ्यांत.

मी मानेवरून स्कॅनर फिरवते.
बीप नाही.
बीप नाही.
एका म्हाताऱ्या पूडलला बीप. नंबर लावला,
पलीकडून टायरच्या दुकानातला माणूस बोलला.

औषध वजनावर मोजतात,
म्हणून इथे आल्या आल्या वजन.
एकवीस किलो. त्रेचाळीस नंबर
काट्यावर शेपूट हलवत उभा,
जणू बक्षीसच मिळणार आहे.

फॉर्मवर 'कारण' असा एक रकाना असतो.
आजार लिहायला कधी जड गेलं नाही.
'जागा' लिहिताना मात्र
माझं अक्षर बारीक होत जातं,
तेवढीच जागा वाचावी तसं.

दुपारी डॉन एउसेबियो आले.
हातात दोरी, टोक कुरतडलेलं.
एकेक पिंजरा पत्ता वाचावा तसा पाहिला.
त्रेचाळीसपाशी थांबून म्हणाले, हा माझा नव्हे.
आणि तिथेच, जाळीतून बोट घालून,
कान खाजवत राहिले
आपल्या नसलेल्या कुत्र्याचे.

उद्याची यादी माझ्या खिशात होती.
फाडून उपयोग नसतो, ग्रिसेल्डा दुसरी छापते.
टेबलावर मांजर भुलीत,
मी हात धुवायला घेतले,
कोपरापर्यंत, नेहमीपेक्षा जास्त वेळ,
आणि पाण्याच्या आवाजातून ऐकत होते
त्यांची पावलं
निघाली का.