शेंडा नसलेला माड

दोन वर्षांपूर्वी वीज पडली आणि माडाचा शेंडा गेला.
गुरुदास म्हणायचा, चवथ झाली की पाडून टाकू,
एखाद्या रात्री छपरावरच बसेल.
चवथ आली, गेली. पाडेली काही आला नाही.
माटोळी अजून वर टांगलेली,
तिला सुपारीचा एक घोस विसरून राहिलेला,
आणि बाहेर त्या भुंड्या खोडाच्या तोंडातून
रात्री दहाच्या सुमाराला कुणीतरी शीळ घाली.

शीळ म्हणजे अगदी शीळ. नाक्यावरच्या पोरांसारखी.
पहिल्या रात्री मी खिडकी लावून घेतली.
दुसऱ्या रात्री मिथिलाने टॉर्च मारला:
दोन तपकिरी बदकं, लांब मानेची,
आम्हीच आगंतुक असल्यासारखी बघत होती.
"बदकं? झाडावर?" मी डिचोलीची;
आमच्याकडे झाडावर फक्त खाणीची धूळ बसायची.
भाऊ आतून खोकले.
"अडया," म्हणाले,
आणि कुशीवर वळले.

सासऱ्यांना ठाऊक असणारच.
कपाटावर अजून बंदुकीचं चामडी कव्हर आहे.
बंदूक कधीच जमा झाली,
कव्हरात मिथिलाची बॅडमिंटनची रॅकेट असते.
एकदा धीर करून विचारलं, कशी लागायची?
"चिखलाचा वास यायचा. मिरी जास्त घालावी लागे."

सोमवारी सकाळी डब्यात भाजी भरत होते
तेव्हा अंगणात काहीतरी पडलं.
करवंटीपेक्षा हलकं, पानापेक्षा जड.
मग आणखी एक.
काळीपांढरी पिल्लं, पंख नाहीतच म्हणावेत अशी,
एवढ्या उंचावरून उडी टाकत होती,
आपटून चेंडूसारखी एकदा उसळत होती
आणि काही झालंच नाही अशी चालू लागत होती.
खाली आई शीळ घालत उभी.
मिथिला मोजत होती. नऊ. दहा.
अकरावं तुळशीमागच्या चुडतांत अडकलं.

करमळीचं तळं रस्त्यापलीकडे,
आणि सातला रस्ता म्हणजे बस, कचऱ्याचा ट्रक,
गाडी चुकेल म्हणून स्टेशनकडे सुटलेली माणसं.
गुरुदास फोन शोधत होता.
वनखात्यासाठी की व्हिडिओसाठी, मी विचारलं नाही.
समोरची इस्पेरान्सा नायटीवरच धावत आली,
कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांनी दाबून.
पोदेराने सायकल आडवी घातली, भोंगा बंद केला.
आणि भाऊ,
ज्यांना गुडघ्याच्या ऑपरेशनपासून
बाथरूमपर्यंत सोबत लागते,
काळी छत्री उघडून भर रस्त्यात उभे.

बसवाल्याने हॉर्न दिला.
भाऊंनी हात वर केला नाही, फक्त बघितलं,
एक डोळा किंचित मिटून.
ती नेम धरणाऱ्याची नजर होती.
बस थांबली.

पिल्लं गेली. रांग कसली,
सांडलेल्या उडदांसारखी, जिकडेतिकडे,
मग बांधावरून टपाटप, शेवाळात, दिसेनाशी.
दहा होती. मिथिला म्हणते अकरा.
जेवताना अजून वाद होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाडेली आला, दोर घेऊन.
भाऊंनी त्याला चहा पाजला, मुलांची चौकशी केली,
आणि परत पाठवला.
कारण त्यालाही सांगितलं नाही, आम्हालाही नाही.

शीळ आता तळ्याकडून येते, उशिरा.
भाऊंच्या खोलीत पलंग करकरतो,
उठून बसल्याचा आवाज.
मी खिडकी उघडी ठेवते.
डास येतात. येऊ देत.