पाणी कुठं मुरतंय

नोकरीत असताना हे वाक्य मी फार ऐकलं.
बिलावर सही करताना, टेंडर उघडताना
कुणीतरी मिशीत हसून म्हणायचंच,
"मगदूम साहेब, पाणी कुठंतरी मुरतंय."

खरं सांगायचं तर कुठंच मुरत नव्हतं.
तशी सोय आम्हीच केली होती.
भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट,
करंजाच्या बुंध्याला भिडवून पेव्हर,
इंचभर माती दिसता कामा नये असा वरून निरोप,
आणि टेप माझ्या हातात.
गल्ली कशी स्वच्छ झाली, म्हणाले सगळे. फोटो काढला.
त्या फोटोत करंज आहे, कडेला,
गळ्यापर्यंत बटणं लावून उभ्या केलेल्या पोरासारखा.

आता त्याच गल्लीत राहतो. निवृत्त.
कृष्णा इथून तीन किलोमीटर.
तिचं पाणी आयर्विन पुलावर फुटांत मोजतात,
रात्री बाराला अख्खी सांगली मोबाइलवर आकडा बघते.
आमचं पाणी कोण मोजतं?
ते वरून येतं, अर्ध्या तासात घोट्यापर्यंत,
आणि तीन दिवस हलत नाही,
वसुलीचा माणूस उंबऱ्यावर बसावा तसं.
शौकत नदाफच्या गादी कारखान्यात सगळ्यात आधी.
गेल्या आषाढात त्यानं सात गाद्या
माझ्याच कंपाउंडवर वाळत टाकल्या.
बोलला काही नाही.
एकेक उचलायला चार माणसं लागत होती.

मग मी छिन्नी काढली.
बुंध्याभोवती एक मीटर. खडूनं वर्तुळ.
पोरं जमली. "आजोबा, काय पुरलंय खाली?"
"माझी सही," म्हणालो.
ऐनापुरेबाई गॅलरीतून, "मग मी स्कूटी कुठं लावायची?"
त्यांचं बरोबर होतं. मला उत्तर येत नव्हतं.
ठोकत राहिलो.
चार इंच काँक्रीट, आणखी दोन.
(बिलात सहा लावले होते. ते तरी खरं निघालं.)
खाली डांबर, त्याखाली त्याआधीचं डांबर,
आणि मग मुळं, चपटी,
इतकी वर्षं वाट शोधून शोधून आडवी झालेली.

काळी माती लगेच पीत नाही.
फुगते, चिकटते, तोंड मिटून घेते.
तिला खडी दिली, वाळू, पोतंभर पाचोळा.
मोरीच्या बाजूला कर्दळ, थोडा अळू,
नदीकाठच्या वाळुंजाच्या दोन काड्या.
कडेचा एक दगड शौकतनं रात्री काढला
परवानगीशिवाय.
मी झोपलो होतो, असं समजा.

हस्त कोसळला तेव्हा लाइट गेली.
बॅटरी घेऊन आम्ही दोघं करंजापाशी.
गल्लीतलं पाणी वळलं, आधी अडखळत,
चहाचा कागदी कप आणि पिवळी पानं पुढं घालून,
मग दगडाच्या फटीतून आत.
बुडबुडे आले. आणि एक आवाज,
तहानलेली म्हैस टाकीत तोंड घालते तसला.
शौकत उकिडवा बसला, कान देऊन.
हयात कापूस पिंजण्यात गेलेली त्याची,
कोण किती पितं ते त्याला कळतं.
"साहेब," म्हणाला, "पाणी मुरतंय."

मिशीत हसला नाही.

कृष्णा आली तर हे वर्तुळ बुडेल.
करंजही छातीभर पाण्यात उभा राहील.
एका झाडानं नदी अडत नाही, एवढं इंजिनिअरिंग मला येतं.
त्या रात्रीही दुकानात शिरलंच,
पायरीच्या वर दोन बोटं.
पण उजाडेपर्यंत ओसरलं होतं.
तीन दिवस नाही. उजाडेपर्यंत.

गल्लीत अजून अकरा झाडं आहेत.
खडू संपलाय, छिन्नीला धार लावायचीय,
गुडघा बोलतोय.
ऐनापुरेबाईंनी सकाळी हटकलं,
आमच्या जांभळाचं कधी घेणार?
स्कूटीचं काय ते बघू, म्हणाल्या.