भट्टीशेजारचा कोरस

थंडर बे गावात, तळघरात,
भट्टी आणि कपडे धुण्याचं यंत्र यांच्यामध्ये
सव्वाआठ फूट जागा होती.
तिथे आम्ही एक अख्खं गाव वसवलं.

ऑर्वो बंदरावर गहू तपासायचा,
मी शाळेची बस चालवायचो.
मंगळवार आणि शुक्रवार गाणं.
बाकीचे दिवस घसा जपायचा,
म्हणजे पोरांवर ओरडायचं नाही.

कथा एवढीच:
धान्याचं एक कोठार, साठ वर्षं उभं राहून विटलेलं,
एका रात्री गोठलेल्या तलावावर चालू लागतं.
बर्फ पेलेल का, हा पहिला अंक.
गाव त्याला माघारी बोलावतं, हा दुसरा.
तिसरा बराच काळ आमच्याकडे नव्हताच.

पात्रं अकरा, गळे दोन.
महापौरीणबाई मी गायलो, नाक चिमटीत धरून.
चाळीस गावकरी हवे होते,
तर दोघं वीस वेळा गायलो,
टेपवर टेप चढवत,
आणि दर थराबरोबर सूंऽऽ असं काहीतरी दाटत गेलं.
ऑर्वो म्हणाला, राहू दे, बर्फ पडतोय तो.

भट्टी मनाला येईल तेव्हा घुमायची,
नेमकी विरहाच्या गाण्यात.
शेवटी तिचाच सूर धरला
आणि अख्खा दुसरा अंक त्या सुरात उतरवला.

वर आयली राउतियो राहायच्या. घरमालकीण, वय चौऱ्याऐंशी.
दहा वाजले की झाडूच्या दांड्याने जमीन ठोकायच्या.
ठक. ठक-ठक.
टेक गेला म्हणून आधी शिव्या घातल्या.
मग ऐकून पाहिलं:
बाई बरोबर समेवर आल्या होत्या,
बर्फाला पहिला तडा जातो तिथे.

तेव्हापासून अवघड जागा
आम्ही दहाला पाच कमी असतानाच सुरू करायचो.

एकदा जिन्यात गाठून म्हणाल्या,
ते कोठार पोचलं का रे पलीकडे?
आम्हाला वाटायचं, त्यांना नुसता गोंगाट ऐकू येतो.

फेब्रुवारीत त्या गेल्या. तिसरा अंक अर्धा.
भाचीने घर रिकामं केलं, झाडू आम्ही मागून घेतला.
ऑर्वो वर गेला. मी खाली, बटणावर बोट.
ठक. ठक-ठक.
अगदी वेळेवर, अगदी जागच्या जागी,
आणि ऐकवेना.

पुसून टाकलं.
तेवढ्या चार मात्रा कोऱ्या ठेवल्या, फक्त सूंऽऽ.
तलावाच्या मध्यावर कोठार थांबतं
आणि कान देतं.

पन्नास कॅसेटी काढल्या.
एकतीस अजून ऑर्वोच्या फ्रीझरवर आहेत,
मासे गुंडाळायच्या कागदाखाली.
एक बाई परत करायला आल्या,
म्हणाल्या, शेवटाकडे आवाजच जातो.
आम्ही माफी मागितली, दुसरी दिली.
तिच्यातही तिथे तेच आहे.